खिशातल्या संगणकात लिनक्स

टेबलावरच्या संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणे हे आता बऱ्याच शाळांच्या परिचयाचे काम झाले आहे. सीडी किंवा पेनड्राइव्ह लावायचा, संगणक सुरू करायचा, पडद्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत जायचे. तासाभरात काम होते. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पण तळहातावर मावणाऱ्या उपकरणाचे काय? त्याला सीडी लावायला जागा नाही, की-बोर्ड नाही, आणि आतली आज्ञावली तर कारखान्यातच भरलेली. कंपनीने ते मॉडेल बंद केले की आतली आज्ञावली आहे तिथेच थांबते. उपकरण धडधाकट असते, पडदा चांगला असतो, तरी काही वर्षांत ते अडगळीच्या कपाटात जाते.

अशा उपकरणात आपल्याला हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम घालता येते का? पुष्कळदा येते. मात्र त्या कामात एक चूक अशी होऊ शकते की तिच्यामुळे उपकरण कायमचे बंद पडते. बाकीच्या चुका निभावून जातात. ती एक चूक कोणती आणि बाकीच्या का निभावतात, हे नीट कळले तर संगणक सुरू कसा होतो हेही आपोआप कळते. म्हणून या लेखात आपण एक खरे उदाहरण घेऊन सगळे टप्पे पाहणार आहोत. उदाहरण आहे कॉम्पॅक कंपनीच्या आय-पॅक एच ३६०० मालिकेतल्या हातसंगणकाचे. उपकरण जुने आहे. पण त्याची रचना इतकी साधी आहे की प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर येतो. आजच्या उपकरणांत हेच टप्पे असतात, फक्त ते जास्त झाकलेले असतात.

उपकरणाची ओळख

हा हातसंगणक २००० साली बाजारात आला. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. पडदा २४० बाय ३२० ठिपक्यांचा, ४०९६ रंगांचा, आणि काडीने टेकवलेली जागा ओळखणारा. आत स्ट्राँगआर्म एसए-१११० हा प्रोसेसर, सेकंदाला २० कोटी ६० लाख ठोके या गतीने चालणारा. मेमरी दोन प्रकारची : ३२ मेगाबाइट रॅम आणि १६ मेगाबाइट फ्लॅश. हार्ड डिस्क नाही.

रॅम आणि फ्लॅश यांतला फरक पुढे सतत लागणार आहे. रॅम म्हणजे फळा. त्यावर झटपट लिहिता येते, पुसता येते; पण वीज गेली की सगळे पुसले जाते. फ्लॅश म्हणजे कपाटातली वही. लिहायला वेळ लागतो, पण वीज नसली तरी मजकूर तसाच राहतो.

कंपनीने या उपकरणात मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई घातली होती. ती फ्लॅशमध्ये होती. वापरणाऱ्याने केलेल्या नोंदी, पत्ते, टिपणे मात्र रॅममध्ये राहत. म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की नोंदी गेल्या. त्या काळच्या या प्रकारच्या बहुतेक हातसंगणकांची हीच तऱ्हा होती. विंडोजच्या २००५ सालच्या आवृत्तीपासून नोंदी फ्लॅशमध्ये ठेवायची सोय झाली.

लिनक्सची हकीगत वाचकांना माहीत असेल. फिनलंडमधल्या हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी ते लिहायला घेतले आणि सर्वांना वाचता, बदलता येईल अशा स्वरूपात खुले ठेवले. खुले असल्यामुळेच ते दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेता आले. इंग्लंडमध्ये रसेल किंग यांनी १९९४ च्या सुमारास ते आर्म जातीच्या प्रोसेसरवर आणले. स्ट्राँगआर्म याच जातीचा. कॉम्पॅकच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील संशोधन प्रयोगशाळेने २००० साली आय-पॅकवर लिनक्स चालवून दाखवले आणि त्याच्या आज्ञावल्या सर्वांसाठी खुल्या केल्या. स्वयंसेवकांनी त्यांवर काम करून ‘फॅमिलियर’ नावाचा लिनक्सचा संच तयार केला. पुढे आपण पाहणार आहोत ते टप्पे या संचाचे आहेत.

सकाळी कुलूप कोण उघडतो?

शाळा कशी सुरू होते ते आठवा. मुख्याध्यापक, शिक्षक, विद्यार्थी सगळे असले तरी आधी कोणीतरी फाटकाचे कुलूप काढावे लागते. ते काम शिपायाचे. तो शिकवत नाही, हिशेब ठेवत नाही. पण किल्ली त्याच्याकडे असते. तो आलाच नाही, तर बाकीचे सगळे फाटकाबाहेर उभे.

संगणकातही असाच एक शिपाई असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. वीज मिळताच प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. एवढेच ठाऊक असते की पहिली आज्ञा शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरून उचलायची. आय-पॅकमध्ये त्या पत्त्यावर फ्लॅश मेमरीची सुरुवात होते आणि तिथे बूटलोडर असतो. तो रॅमला कामाच्या स्थितीत आणतो, सीरियल जोडणी सुरू करतो, मग फ्लॅशमधून लिनक्सचा गाभा शोधून रॅममध्ये ठेवतो आणि कारभार त्याच्या हाती सोपवतो. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल जागा वाचवण्यासाठी दाबून ठेवलेला असतो, तो आधी स्वतःला उलगडतो. मग पडदा, बटणे, घड्याळ यांचा ताबा घेतो, फाइली ठेवण्याची जागा उघडतो आणि ‘इनिट’ नावाचा पहिला प्रोग्रॅम सुरू करतो. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्यानंतर येतात.

इथे टेबलावरच्या संगणकाशी एक फरक आहे. त्या संगणकात सुरुवातीला एक प्रकारची हजेरी घेतली जाते. मेमरी किती, डिस्क कुठली, पडद्याचे कार्ड कोणते, हे भाग आपापली ओळख सांगतात. म्हणून एकच सीडी वेगवेगळ्या संगणकांवर चालते. हातसंगणकात अशी हजेरी होत नाही. कोणते बटण प्रोसेसरच्या कोणत्या पायाला जोडले आहे, हे कर्नेलला आधीच पाठ असावे लागते. त्या काळी बूटलोडर कर्नेलला उपकरणाचा एक ठरलेला क्रमांक कळवत असे आणि त्या क्रमांकाची सगळी माहिती कर्नेलमध्येच लिहिलेली असे. उपकरणांची संख्या वाढत गेली तसा हा पसारा आवरेना. मग २०११ नंतर आर्म जातीच्या उपकरणांची वर्णने ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवायची पद्धत रूढ झाली. तरीही वर्णन कोणीतरी लिहावेच लागते. म्हणूनच ‘लिनक्स सगळ्या मोबाइलवर चालते का?’ या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. ज्या उपकरणाचे वर्णन कोणी लिहिले असेल, त्यावर ते चालते.

एका यंत्रावर तयार, दुसऱ्यावर चालणार

कर्नेल माणसाला वाचता येईल अशा सी भाषेत लिहिलेला असतो. प्रोसेसरला मात्र फक्त आकडे कळतात, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आकड्यांची भाषा वेगळी. टेबलावरच्या संगणकातल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरची आज्ञा एक बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांबीची असू शकते. स्ट्राँगआर्मची प्रत्येक आज्ञा बरोबर चार बाइटांची. एकासाठी बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर तो निरर्थक आकड्यांचा ढीग ठरतो.

सी भाषेतून आकड्यांच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. हे काम जड असते; त्याला भरपूर मेमरी आणि डिस्क लागते. ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या हातसंगणकाला ते झेपणारे नाही. म्हणून युक्ती अशी करतात : कंपायलर चालवायचा टेबलावरच्या संगणकावर, पण त्याच्याकडून आज्ञा लिहून घ्यायच्या हातसंगणकाच्या भाषेत. पुण्यात बसलेल्या लेखनिकाने चेन्नईच्या वाचकासाठी तमिळमध्ये पत्र लिहावे, तसेच हे. अशा कंपायलरला क्रॉस कंपायलर म्हणतात. आज शाळेतल्या रोबोच्या किटवर मुले प्रोग्रॅम चढवतात, तेव्हाही हेच घडते. प्रोग्रॅम तयार होतो लॅपटॉपवर आणि चालतो किटवर.

सुदैवाने प्रत्येकाने हे काम स्वतः करावे लागत नाही. फॅमिलियरच्या मंडळींनी कर्नेल, आवश्यक प्रोग्रॅम आणि फाइली यांची एकच तयार गठडी बांधून ठेवलेली असे. या गठडीला इमेज म्हणतात. १६ मेगाबाइटमध्ये सगळे बसवायचे म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमची निवड काटेकोरपणे करावी लागे.

फ्लॅशची पाटी

इमेज फ्लॅशमध्ये लिहायची असल्यामुळे फ्लॅशचा स्वभाव समजून घ्यायला हवा. फ्लॅश पुसली की तिच्यातला प्रत्येक बिट १ होतो. लिहिणे म्हणजे हव्या त्या ठिकाणी १ चा ० करणे. ० चा पुन्हा १ करायचा असेल, तर एकट्या बिटाला ते जमत नाही. त्याच्या आसपासचा संपूर्ण ठोकळा पुसावा लागतो.

समजा, एका बाइटमध्ये १०११०१०० लिहिले आहे. ते बदलून १०११०००० करायचे असेल तर सोपे आहे. एका १ चा ० केला की झाले. पण १०११०१०१ करायचे असेल तर शेवटच्या ० चा १ करावा लागतो, आणि त्यासाठी संपूर्ण ठोकळा पुसून पुन्हा लिहिणे आले. आय-पॅकमध्ये असा ठोकळा २५६ किलोबाइटचा होता. म्हणजे १६ मेगाबाइटचे ६४ ठोकळे. आणि प्रत्येक ठोकळा साधारण एक लाख वेळा पुसला गेला की तो भरवशाचा राहत नाही.

या ६४ ठोकळ्यांपैकी पहिला ठोकळा बूटलोडरचा. उरलेले ६३ ऑपरेटिंग सिस्टीम आणि फाइली यांच्यासाठी. हा हिशेब लक्षात ठेवू या, कारण सगळी जोखीम त्या पहिल्या ठोकळ्यात आहे.

प्रत्यक्ष टप्पे

*पहिला टप्पा : प्रत काढणे.* उपकरण विंडोज सीईवर चालू असतानाच आपल्या नोंदी टेबलावरच्या संगणकात उतरवून घ्यायच्या. मग ‘बूटब्लास्टर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हातसंगणकात घालायचा. त्याच्या मदतीने जुना बूटलोडर आणि विंडोज सीई या दोन्हींची प्रत काढून ती बाहेर सुरक्षित ठेवायची. ही प्रत असेल तर लिनक्स न आवडल्यास मूळ स्थितीवर परत येता येते. घाईत हा टप्पा गाळला तर परतीची वाट बंद होते.

*दुसरा टप्पा : बूटलोडर बदलणे.* कंपनीच्या बूटलोडरला फक्त विंडोज सीई सुरू करता येत होती. म्हणून आधी शिपाई बदलायचा. बूटब्लास्टरला नव्या बूटलोडरची फाइल दाखवली की तो पहिला ठोकळा पुसून त्यात नवा मजकूर लिहितो. काम काही सेकंदांचेच. पण तेवढ्या वेळात वीज गेली तर पहिला ठोकळा अर्धवट राहतो. पुढच्या वेळी सुरू होताना प्रोसेसर शून्य पत्त्यावर जाईल आणि तिथे त्याला अर्थ नसलेले आकडे मिळतील. फाटक उघडणारा कोणी उरणार नाही. अशा उपकरणाला या क्षेत्रातले लोक ‘वीट’ म्हणतात. वजन ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

म्हणून या टप्प्याचे नियम कडक. बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि शिवाय उपकरण विजेला जोडलेले हवे. लिहून झाल्यावर ‘पडताळा’ ही आज्ञा द्यायची. फ्लॅशमधला मजकूर वाचून तो बूटलोडरच आहे ना, हे प्रोग्रॅम तपासतो. पडताळा चुकला तर घाबरून उपकरण बंद करायचे नाही. बूटब्लास्टर अजून चालू आहे. तोवर पुन्हा लिहिण्याची संधी आहे. रिसेटचे बटण दाबले की ती संधी संपते. त्यानंतर उपाय एकच : उपकरण उघडून प्रोसेसरच्या जेटॅग नावाच्या जोडणीतून बाहेरून फ्लॅशमध्ये लिहिणे. हे मुळात छापील सर्किट तपासण्यासाठी ठरवलेले, १९९० साली प्रमाण झालेले तंत्र आहे. त्याला वेगळी केबल आणि बारीक हात लागतो.

*तिसरा टप्पा : सीरियल केबल.* आता उपकरण आणि टेबलावरचा संगणक सीरियल केबलने जोडायचे. संगणकावर टर्मिनलचा प्रोग्रॅम सुरू करून वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवायचा. मधले बटण दाबून धरून रिसेट केले की नवा बूटलोडर थांबतो आणि टर्मिनलवर त्याची ‘बूट’ अशी खूण उमटते. शिपाई हजर आहे आणि काय करू म्हणून विचारतो आहे.

*चौथा टप्पा : इमेज पाठवणे.* ‘लोड रूट’ अशी आज्ञा द्यायची आणि वायमोडेम या पद्धतीने इमेजची फाइल पाठवायची. किती वेळ लागेल? सीरियल केबलवर प्रत्येक बाइटच्या आठ बिटांबरोबर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन बिट जास्त जातात. म्हणजे बाइटमागे १० बिट, आणि सेकंदाला ११,५२० बाइट. इमेज १२ मेगाबाइटची, म्हणजे १,२५,८२,९१२ बाइटची असेल, तर भागाकार येतो सुमारे १,०९२ सेकंद; अठरा मिनिटांहून थोडे जास्त. प्रत्यक्षात आणखी थोडा वेळ जातो. कारण वायमोडेम फाइलीचे सहसा १०२४ बाइटांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या बाइटांवरून काढलेला एक तपासणी-अंक पाठवते, आणि ‘मिळाले’ असे उत्तर आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडत नाही. अंक जुळला नाही तर तोच तुकडा पुन्हा जातो. पोस्टाच्या रजिस्टर पत्राची पोचपावती घ्यावी, तसे हे.

बूटलोडर आलेली इमेज आधी रॅममध्ये जमा करतो. सगळी आल्यावर मग फ्लॅशचे ठोकळे पुसून त्यात ती उतरवतो. या टप्प्यात केबल निसटली, वीज गेली किंवा चुकीची इमेज गेली तरी पहिला ठोकळा शाबूत असतो. पुन्हा रिसेट, पुन्हा ‘लोड रूट’. ६३ ठोकळ्यांत झालेली कोणतीही चूक दुरुस्त होते, कारण दुरुस्त करणारा त्या ६३ ठोकळ्यांच्या बाहेर बसलेला आहे. या लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

*पाचवा टप्पा : सुरू करणे.* ‘बूट’ अशी आज्ञा दिली की टर्मिनलवर कर्नेलच्या ओळी धावू लागतात आणि शेवटी लॉगिन विचारले जाते. पहिले काम पासवर्ड बदलण्याचे. इमेजबरोबर आलेला पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो.

रोजकीर्दीची युक्ती

आता एक अडचण उरते. नेहमीच्या पद्धतीने फाइली ठेवल्या तर फाइलींची यादी असलेला ठोकळा पुन्हा पुन्हा पुसला जाईल आणि त्याचे लाख फेरे लवकर संपतील. शिवाय पुसताना बॅटरी संपली तर यादीच जाईल.

यावर स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने ‘जेएफएफएस’ नावाची पद्धत काढली. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती रेड हॅट कंपनीतील डेव्हिड वुडहाउस यांनी २००१ साली पुढे आणली. फॅमिलियरने तीच वापरली. तिची कल्पना आपल्या दुकानातल्या रोजकीर्दीसारखी आहे. रोजकीर्दीत खाडाखोड करत नाहीत. रक्कम बदलली तर खाली नवी नोंद करतात. फाइल बदलली की ही पद्धत जुन्या मजकुराला हात लावत नाही. पुढच्या मोकळ्या जागी नवी नोंद करते आणि तिला वाढता क्रमांक देते. एकाच फाइलीच्या दोन नोंदी दिसल्या तर मोठ्या क्रमांकाची खरी. मोकळी जागा संपत आली की एखाद्या ठोकळ्यातल्या उपयोगी नोंदी दुसरीकडे उतरवून घ्यायच्या आणि तो ठोकळा पुसायचा. व्यापारी जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढतात तसे. यामुळे झीज सगळ्या ठोकळ्यांवर वाटली जाते. आणि नोंद करताना मध्येच वीज गेली तर ती अर्धवट नोंद तपासणी-अंकावरून ओळखू येते, सोडून दिली जाते, आणि जुनी नोंद कामी येते. विंडोज सीईमध्ये बॅटरी उतरली की जाणाऱ्या नोंदी इथे टिकतात.

काडी इथे टेकवली, खूण तिथे उमटली

नवे लिनक्स सुरू झाले की पडद्यावर एकामागून एक फुल्या येतात आणि त्यांवर काडी टेकवायला सांगितले जाते. हे कशासाठी? अशा पडद्यात वीज वाहणारे दोन पारदर्शक थर असतात. दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात, आणि टेकलेल्या जागेनुसार विजेचा दाब कमीजास्त मिळतो. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे कामाला लागलेला असतो. पण मिळणारा आकडा ठिपक्यांत नसतो. समजा, डावीकडून २० व्या ठिपक्यावरच्या फुलीला १०० हा आकडा मिळाला आणि २२० व्या ठिपक्यावरच्या फुलीला ९००. म्हणजे २०० ठिपक्यांना ८०० आकडे, एका ठिपक्याला ४. आता आकडा ५०० आला तर काडी कुठे आहे? १०० च्या पुढे ४००, भागिले ४ म्हणजे १०० ठिपके, अधिक २०. उत्तर १२० वा ठिपका. पडदा किंचित तिरका बसला असेल तर आडव्या जागेसाठीही दोन्ही आकडे विचारात घ्यावे लागतात. मग तीन अज्ञात संख्या येतात आणि त्या सोडवायला किमान तीन फुल्या लागतात. एकसामयिक समीकरणे कुठे वापरतात असे विद्यार्थ्यांनी विचारले, तर हे उदाहरण द्यावे.

भारतातला एक प्रयत्न

याच सुमारास भारतातही लिनक्सवर चालणारा हातसंगणक तयार होत होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून ‘सिंप्युटर’ घडवला. २००१ साली तो लोकांपुढे आला. त्यातही स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. एका गावात एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून प्रत्येकाचे स्मार्ट कार्ड, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी भारतीय भाषांतला मजकूर बोलून दाखवण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो ‘अमिडा’ या नावाने बाजारात आणला. अपेक्षेइतका तो खपला नाही. तरी दुसऱ्या कोणाची परवानगी न मागता इथल्या भाषांसाठी इथल्या लोकांना उपकरण घडवता आले, ते आज्ञावली खुली असल्यामुळे.

आज काय स्थिती आहे?

आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये लिनक्सचाच कर्नेल असतो. तरी त्यात आपले लिनक्स घालणे आय-पॅकपेक्षा अवघड झाले आहे. अनेक मोबाइलचा बूटलोडर कुलूपबंद असतो. ज्या इमेजवर कंपनीची सांकेतिक सही नसेल ती तो सुरूच करत नाही. यात संरक्षण आहे : मोबाइल चोरीला गेला तर चोराला दुसरी सिस्टीम टाकून आपली माहिती काढता येऊ नये. पण त्याच कुलपामुळे कंपनीने दुर्लक्ष केलेला जुना मोबाइल मालकालाही नवा करता येत नाही. काही कंपन्या कुलूप काढू देतात. तेव्हा आतली माहिती पुसली जाते आणि हमी रद्द होऊ शकते. २०१७ साली जाहीर झालेला ‘पोस्टमार्केट ओएस’ हा प्रकल्प जुन्या मोबाइलवर लिनक्स चालवण्यासाठीच आहे. त्यात पुष्कळ मोबाइल सुरू होतात; पण काहींचा कॅमेरा चालत नाही, काहींवरून फोन लागत नाही, कारण त्या भागांचे वर्णन कंपन्यांनी कधी दिलेच नाही.

घरातल्या वायफाय राउटरची गोष्ट मात्र आशादायक आहे. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की ते वापरून उपकरण विकणाऱ्याने आज्ञावली खुली केली पाहिजे. २००३ साली कंपनीने ती खुली केली आणि त्यातून २००४ साली ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा संच सुरू झाला. कंपन्यांनी सोडून दिलेल्या अनेक राउटरना त्याने आणखी काही वर्षे दिली.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. आठ चौकोनांची पट्टी काढून प्रत्येकात १ लिहा. नियम एकच : १ चा ० करता येतो, ० चा १ करायचा तर सगळी पट्टी पुसायची. शिक्षकांनी एकामागून एक दहा संख्या सांगाव्यात. कोणत्या क्रमाने सांगितल्या तर कमीत कमी वेळा पुसावे लागते?

२. चार पानांची वही ही फ्लॅश समजा. पाच मुलांचे गुण त्यात लिहा आणि खाडाखोड न करता ते वारंवार बदला. वही भरत आली की काय कराल? एक पान नेहमी कोरे ठेवावे लागते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

३. १२ मेगाबाइटची फाइल सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने पाठवायला किती तास लागतील? बाइटमागे १० बिट धरा.

४. प्रत्यक्ष प्रयोग करायचा असेल तर शाळेतले एकमेव चालू यंत्र घेऊ नका. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक चांगला. त्याचा पहिला शिपाई प्रोसेसरच्या चिपमध्येच कायमचा कोरलेला असतो आणि बाकी सगळे मेमरी कार्डावर. कार्डावर काहीही चुकले तरी ते पुसून पुन्हा लिहिता येते. आणि कोणतेही उपकरण हाती घेतले तरी आधी मुलांना एक प्रश्न विचारा : यातला पहिला ठोकळा कुठे आहे, आणि तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? त्याचे उत्तर मिळाल्यावरच केबल जोडावी.